लावून बघायला काय जातंय?

गेल्या वर्षभरात मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य कुठलं असेल, तर ते हे.

झालं असं, की रोज सकाळी उठलं की माझा जबडा आंबलेला असायचा. रात्रभर कुणीतरी फुटाणे खायला बसवल्यासारखा. कानशिलापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ठणका, जांभई देताना कानापुढे 'कट्' असा आवाज, आणि भाकरीचा कडक पापुद्रा समोर आला की चावावा की नको असा विचार. दंतवैद्यांनी तपासलं. दाढा ठीक, कीड नाही, हिरड्या ठीक. "झोपेत दात आवळता तुम्ही. आणि बहुतेक दिवसाही," असं म्हणून त्यांनी थोडे व्यायाम शिकवले आणि घरी पाठवलं.

ही बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कशी गेली देव जाणे. (आई, तूच.) संध्याकाळपर्यंत उपायांचा ढीग पडला. आत्या म्हणाली, लवंगेचं तेल. काकूनं आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप लावायला सांगितला. वहिनीनं महानारायण तेलाची बाटली घरपोच पाठवली. चुलतभावाने पुदिन्याच्या तेलाची जाहिरात पाठवली, तिच्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं हिरव्या पानाच्या चित्रात लिहिलेलं. शेजारच्या आजींनी लसूण ठेचून गालावर बांधायला सांगितलं. आणि प्रत्येक उपायाच्या शेवटी तेच: "लावून बघायला काय जातंय?"

आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. तेलाशी नाही, आजीच्या बटव्याशी तर नाहीच नाही. या वाक्याशी. (नातेवाईकांनी दात-ओठ न खाता शेवटपर्यंत वाचावं. दात-ओठ खाल्ल्यानं काय होतं ते पुढे येणारच आहे.)

आधी कबुली. मी लावलं. लसूण सोडून बाकी सगळं लावलं, आणि मला बरं वाटलं. आईनं तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून गाल शेकला, मग कोमट तिळाच्या तेलाचं बोट कानापुढून खाली फिरवलं, आणि मी दहा मिनिटांत तिच्या मांडीवरच झोपले. तेव्हा 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण मला बरं वाटलं ते नेमकं कशानं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तिथून पंचाईत सुरू झाली.

जरा हात वर करा. दोन बोटं गालावर, गालफडाच्या हाडाच्या खाली ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली जी गाठ टरारून फुगते ना, तो चावण्याचा मुख्य स्नायू. गालफडाच्या हाडापासून निघून तो जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत येतो. आता बोटं कानशिलावर ठेवून पुन्हा आवळा. तिथेही हालतं. तो दुसरा, पंख्यासारखा पसरलेला. म्हणून जबडा दुखणाऱ्यांचं डोकंही दुखतं. आणि याशिवाय दोन स्नायू जबड्याच्या आतल्या बाजूला आहेत, जे गालावरून बोटाला लागतच नाहीत. मग गालावर लावलेलं तेल तिथवर कसं पोचणार?

तसं पाहिलं तर तेल बाहेरच्या स्नायूपर्यंत तरी कुठे पोचतं? आपल्या कातडीचा अगदी वरचा थर कागदाहूनही पातळ असतो, पण त्याचं कामच मुळी बाहेरचं आत येऊ न देणं हे आहे. औषधं बनवणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी कातडीतून सहसा आत शिरत नाही. तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात जे मुख्य स्निग्ध रेणू असतात, त्यांतले बहुतेक याहून जड. तिळाचे तर साडेआठशेच्या पुढेच. म्हणजे तेल 'मुरलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते फार तर वरच्या थरात मुरलेलं असतं. पुदिन्यातलं मेंथॉल (१५६), लवंगेतलं युजेनॉल (१६४), कापूर (१५२) हे हलके, ते आत शिरतात. पण मेंथॉलचा गारवा हा खरा गारवा नव्हे. गाल थंड होत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चकवतं. तिखटाचंही तसंच. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच कुलुपाला किल्ली लावतं जे चटका बसल्यावर उघडतं. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं (आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर). चकवा म्हणजे वाईट असं नाही. दुखण्याकडून लक्ष दुसरीकडे वळलं तर तेवढा वेळ आराम पडतोच.

आणि जे खरं आहे ते मान्य करायला हवं. १९९६ साली जर्मनीत ताणाच्या डोकेदुखीवर कपाळाला आणि कानशिलाला पुदिन्याचं तेल (अल्कोहोलमध्ये दहा टक्के) लावून बघितलं होतं. ४१ रुग्ण होते. नुसत्या खोट्या औषधापेक्षा त्याचा गुण आला, जवळपास पॅरासिटामॉलच्या बरोबरीनं. आत्या, हा तुझ्या बाजूचा पुरावा, लपवत नाही! पण २००० साली जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर कॅप्सेसिनचं मलम लावून बघितलं, तेव्हा मात्र मलमात कॅप्सेसिन असो वा नसो, फारसा फरक दिसला नाही. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं.

दोन्ही गटांत. मला या गोष्टीनं विचारात पाडलं. नुसतं मलम लावणाऱ्यांनाही बरं वाटलं, तर ते कशानं? काहींचं दुखणं त्याच्या गतीनंच ओसरलं असेल. काहींना आपण काहीतरी करतोय या धीरानं बरं वाटलं असेल. आणि माझा अंदाज असा, की दिवसातून चार वेळा गाल चोळायचा म्हणजे चार वेळा जबडा सैल सोडावा लागतो. दात आवळून गाल चोळून बघा, जमत नाही.

म्हणजे आईच्या त्या दहा मिनिटांत शेक होता, बोटं होती, आडवं पडणं होतं आणि तोंड बंद ठेवून कुणाशी न बोलणं होतं. तेलाचं काम एवढंच, की बोट सरकावं. श्रेय मात्र सगळं बाटलीला.

इथे कुणीतरी म्हणणार, "आयुर्वेदात हजारो वर्षांपासून आहे, तुम्ही कोण?" बरोबर, आहेच. फक्त काय आहे ते बघू या. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, वातव्याधींमध्ये, जबडा धरण्याचा विचार आहे. तोंड उघडं राहून अडकलं असेल तर काय करावं? आधी जबड्याला शेक देऊन तो मऊ करावा, मग अंगठ्यांनी दाबावा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. आजही जबडा निखळला की डॉक्टर साधारण असंच बसवतात, अंगठ्यांनी खाली दाबून. तेव्हा ग्रंथकार स्नेहनाबरोबर शेक सांगतो, आणि हात कुठे ठेवायचा, कुठल्या बोटानं काय करायचं तेही सांगतो. ज्याला ते करता येतं असा माणूस तिथे गृहीत धरलेला आहे. त्यातला माणूस काढला, शेक काढला, तपासणं काढलं आणि उरलेलं तेल बाटलीत भरून पान छापलं, की त्याला 'प्राचीन ज्ञान' म्हणायचं? परंपरेचा अपमान कुणी करत असेल तर तो या बाटलीवाल्यांनी केलाय, शंका विचारणाऱ्यांनी नाही.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे आपण कधी आणि का ठरवलं? आपल्याकडे बिब्ब्याइतकं नैसर्गिक काय असेल? झाडावरून पडतो, कुणी कारखान्यात बनवत नाही. जुन्या पिढीत कितीतरी जणांच्या गुडघ्यावर, पाठीवर, टाचेवर बिब्ब्याचे काळे डाग आयुष्यभर राहिलेले मी बघितलेत. दुखतंय म्हणून लावला, फोड आले, कातडी गेली. कुणाच्या कामात विघ्न आणलं तर आपण 'बिब्बा घातला' म्हणतो, ते काय उगाच? कच्चा लसूण ठेचून बांधला तर तोही कातडी भाजतो, आणि गालाची कातडी टाचेसारखी नसते. (आजी, म्हणून लसूण नाही बांधला. भाजीत घातला, तिथे छान लागला.) लवंगेचं तेल दंतवैद्य वापरतात हे खरं, पण ते मापानं आणि दाढेत. तसंच्या तसं गालावर किंवा हिरडीवर ओतलं तर चटका बसतो. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि गंधपुऱ्याचं तेल, ज्याचा वास म्हणजेच आपल्याला 'मलमाचा वास' वाटतो, त्याच्या एका चमच्यात साधारण ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. म्हणजे विसाहून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्या. ती बाटली घरात कुठे असते? उशाशी, नातवंडांच्या हाताला लागेल अशी. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी तर असलं मलम रोज चोळण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

पण भाजणं-बिजणं सोडा. ते दिसतं तरी. 'लावून बघायला काय जातंय' याचं खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते मी चुकून शिकले नाही, दुसऱ्याच्या जिवावर शिकले.

माझा मामा. काही वर्षांपूर्वी त्याचा गाल ताठ वाटायला लागला. जबडा आखडल्यासारखा, मोठा घास घेता येईना, पुरणपोळीची घडी तोंडात जाईना. तिखट झोंबायला लागलं, तर आम्ही म्हटलं वय झालं, पित्त असेल. शहरातली शहाणी भाची म्हणून मीच त्याला तेलाची बाटली नेऊन दिली. चांगली महागाची होती. आणि हो, ते वाक्य मीच म्हणाले. "लावून बघ ना मामा, लावून बघायला काय जातंय?"

मामी रोज रात्री चोळायची, मीठ गरम करून शेकायची. मामा भाबडा, दर फोनवर सांगायचा, "थोडं सैल पडलंय हो." माझं मन मोडू नये म्हणून. असे आठ महिने गेले.

मग एक दाढ काढायला दंतवैद्याकडे गेला, तर त्याच्या तोंडात अवजार शिरेना. डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला, "सुपारी खाता?"

खायचा. तंबाखू नाही, गुटखा नाही, नुसती सुपारी. जेवणानंतर खांड, चहानंतर खांड, वाचताना खांड. कॉलेजात असल्यापासून. सुपारी ती काय, पूजेतला गणपती असते, तिची कसली भीती? तर सुपारीनं गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, ते दोरीसारखे कडक होतात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. आधी तिखट झोंबतं, मग गाल ताठरतो, मग घास लहान होतो. मामाला झालं ते सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं क्रमानं झालं होतं आणि आम्ही बाहेरून तेल चोळत होतो. हा आजार पुढे काही जणांमध्ये कर्करोगाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत २००४ सालीच घातलेली आहे. आणि सुपारीही शंभर टक्के नैसर्गिकच की!

मामा बरा आहे. सुपारी त्या दिवशी सुटली. पण जे तंतू तयार झाले ते झाले. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, दर काही महिन्यांनी तपासायला जावं लागतं, आणि त्या आठ महिन्यांत तो रोज दहा-बारा खांडं खात होता, ती कमी झाली असती, एवढं मला माहीत आहे. तो मला काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, "तुझ्या तेलाचा वास मात्र छान होता गं."

तर हे जातं. वेळ जातो. तेल लावलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि काहीतरी केल्यासारखं वाटलं की दुखतंय कशानं हा प्रश्न विचारायचं राहून जातं. तेल खोटं होतं म्हणून नव्हे, तेलानं थोडं बरं वाटलं म्हणूनच मामाचे आठ महिने गेले.

सुपारीच कशाला. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की कमी होतो, छातीत जड वाटतं, घाम येतो, तर ते हृदयाचं असू शकतं. तिथे चोळत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतोय, कानशील दुखतंय, केस विंचरताना टाळूही दुखते, मध्येच अंधुक दिसतं, तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. जखम होऊन गेली आणि मग जबडा उघडेनासा झाला, तर ती दातखीळ धनुर्वाताची. सरळ दवाखाना गाठायचा. हे सगळं क्वचित असतं, मान्य. बहुतेकांचा जबडा माझ्यासारखाच, आवळून आवळून दुखलेला असतो. पण क्वचित कुणाच्या तरी घरी असतंच ना?

आणि आवळणाऱ्यांचं काय? आपली भाषा तर सगळं जाणून आहे. राग आला की दात-ओठ खायचे, भीती वाटली की दातखीळ बसते, सोसायचं तर दातावर दात ठेवून. बोलायचं नाही म्हणून जबडा आवळायचा आणि मग त्या जबड्याला तेल लावायचं, असा हा आपला कारभार. मी दिवसभर लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, की ऑफिसात एका विशिष्ट माणसाचा फोन आला की माझे दात एकमेकांवर बसतात. त्या माणसावर कुठलं तेल लावणार?

दंतवैद्यांनी सांगितलेली गोष्ट इतकी साधी होती की मी आधी हसले. एरवी, म्हणजे चावत-गिळत नसताना, वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागलेलेच नसायला हवेत. ओठ मिटलेले, दातांत दोन-चार मिलिमीटरची फट, आणि 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे तिचं टोक. मी चाळीस वर्षं दात टेकवून बसायची आणि त्यालाच नीट बसणं समजत होते. आता फोनवर, फ्रिजवर, संगणकाच्या कडेला एक एक लाल टिकली चिकटवलीय. टिकली दिसली की दात सुटे करायचे. रोज रात्री गरम पाण्यात पिळलेल्या पंच्यानं पंधरा मिनिटं शेक (आधी मनगटावर बघून), मग दोन बोटांनी गालफडाखाली हळूहळू गोल गोल. बोटाला तेल लागतं ते स्वयंपाकघरातलंच, फोडणीच्या भांड्याशेजारचं. च्युइंगम बंद, कडक खाणं काही आठवडे बंद, कानाखाली मोबाइल धरून मान वाकडी करणं बंद. जबड्याच्या जुनाट दुखण्यावर २०२३च्या शेवटी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतही भर होता तो समजावून सांगण्यावर, जबड्याच्या व्यायामांवर, शिकलेल्या हातांनी स्नायूतल्या गाठी दाबण्यावर आणि मनाच्या सवयी बदलणाऱ्या उपचारावर. यातलं काहीच बाटलीत मावत नाही, म्हणून त्याची जाहिरात येत नाही.

माझा ठणका गेला का? बराचसा गेला. परीक्षेच्या दिवसांत, मुलीच्या हं, परत येतो. तेव्हा आई येते पुरचुंडी घेऊन. मी तिला 'नको' म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. ती दहा मिनिटं मला हवी असतात.

फक्त घरातल्या सगळ्यांना एक विनंती. ते वाक्य आपण बदलू या. कुणाचा जबडा दुखतो म्हटलं, तर आधी त्याला तोंड उघडायला सांगायचं. त्याचीच तीन बोटं, एकावर एक उभी, समोरच्या दातांमध्ये मावतात का बघायचं. मावत नसतील तर दवाखाना. कधीपासून दुखतं विचारायचं, तोंडात काही चघळतो का विचारायचं, चालताना दुखतं का विचारायचं. आणि दोन आठवडे शेकून-चोळून फरक नाही, तर तेल बदलायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

मामाच्या घरी मी नेलेली ती बाटली अजून देवघराशेजारच्या फळीवर आहे. मामी टाकत नाही, महागाची म्हणून. परवा गेले तेव्हा पाहिली. अर्ध्याहून जास्त संपलेली होती.